इस्लामवादी सशस्त्र बंडांचा उगम कसा शोधावा आणि त्यांच्या बंदोबस्ताचे धोरण कसे पारखावे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा विषय परका नाही. अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सैन्यात गेली आहेत. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले, आणि २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी हातांत घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे होते. त्यामुळे आपल्याकडे या विषयावर बोलताना लोक हळवे होतात, ते योग्यच आहे. पण हळवेपणातून धोरण समजत नाही. स्पर्धा परीक्षांसाठी अंतर्गत सुरक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, निवृत्त जवान, शिक्षक आणि पोलीस दलात जाऊ इच्छिणारी मुले एखाद्या वाचनालयात एकत्र बसून हा विषय शिस्तीने कसा वाचू शकतील, हे येथे मांडले आहे. ही पद्धत एका मध्यवर्ती प्रश्नाभोवती उभी आहे: ज्या भागात बंड उभे राहिले, तेथे बंडाच्या आधी सामान्य माणसाचा तंटा कोण सोडवत होते, आणि बंडानंतर कोण सोडवू लागले?

हद्द आधी आखून घ्यावी

मुसलमान समाज, इस्लामवादी राजकारण आणि सशस्त्र बंड या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचनाच्या पहिल्याच बैठकीत त्या वेगळ्या करून ठेवाव्यात, नाहीतर पुढचे सगळे वाचन बिघडते. धर्माच्या कायद्यावर राज्य उभे राहावे असे मानणारे पक्ष अनेक देशांत निवडणुका लढवतात. ट्युनिशियातील एन्नाहदा हा पक्ष २०११ ची निवडणूक जिंकून सत्तेवर आला आणि नवी राज्यघटना होत असतानाच जानेवारी २०१४ मध्ये तडजोड म्हणून त्याने सरकार सोडले. हे इस्लामवादी राजकारण होते, बंड नव्हते. उलट ज्या संघटनांनी शस्त्रे हाती घेतली, त्यांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांत मुसलमानांचीच संख्या सर्वांत मोठी आहे, हे इराक, अफगाणिस्तान, सोमालिया आणि ईशान्य नायजेरिया यांपैकी कोणत्याही प्रदेशाचा इतिहास उघडला तरी दिसते.

दुसरी हद्द हल्ला आणि बंड यांच्यामध्ये आहे. मुंबईवरील हल्ला हा सीमेपलीकडून प्रशिक्षण देऊन पाठवलेल्या दहा जणांनी केला होता आणि त्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. पण मुंबईत बंड नव्हते. बंडाला भूभाग लागतो, तेथील लोकसंख्येपैकी काहींची साथ लागते आणि उरलेल्यांचे मौन लागते. मुंबईत यांपैकी काहीच नव्हते. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास शहरातील मुस्लीम ट्रस्टने नकार दिला, आणि सरकारला ते मृतदेह २०१० च्या जानेवारीत गुपचूप पुरावे लागले. एखाद्या समाजात बंडाची मुळे आहेत की नाहीत, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

उगमासाठी दोन कालरेषा समोर ठेवाव्यात

भिंतीवर किंवा वहीत दोन कालरेषा काढाव्यात, एक जगाची आणि एक त्या विशिष्ट प्रदेशाची. बहुतेक वाचक पहिलीवरच थांबतात, कारण ती चटकन जुळते.

जगाच्या कालरेषेत १९२८ मध्ये इजिप्तमधील इस्माइलिया येथे हसन अल-बन्ना यांनी स्थापन केलेल्या मुस्लीम ब्रदरहुडपासून सुरुवात करता येते. पुढे इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या तुरुंगात राहून ब्रदरहुडचे विचारवंत सय्यद कुत्ब यांचे विचार अधिक कडवे झाले आणि १९६६ मध्ये त्यांना फाशी दिल्यावर ते विचार तुरुंगाबाहेर अधिक वेगाने पसरले. त्यानंतर १९७९ या वर्षापाशी मात्र मुक्काम करावा. त्या वर्षाच्या सुरुवातीस इराणमध्ये क्रांती झाली. नोव्हेंबरमध्ये जुहेमान अल-ओतैबीच्या टोळीने मक्केतील पवित्र मशिदीचा कब्जा घेतला आणि सौदी राजघराण्याने घाबरून धर्ममार्तंडांना अधिकच मोकळे रान दिले. डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा, पाकिस्तानात जनरल झिया यांची राजवट, तिच्या गुप्तहेर खात्यामार्फत होणारे शस्त्रवाटप आणि अरब देशांतून आलेले स्वयंसेवक यांची मोट पेशावरच्या परिसरात बांधली गेली. १९८८ मध्ये अल-कायदा उभी राहिली, १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटची सोव्हिएत फौज परतली, आणि लढाई शिकलेली माणसे आपापल्या देशांत परतू लागली.

ही रेषा विचार, पैसा आणि माणसे कशी फिरली हे सांगते. विशिष्ट जिल्ह्यातील विशिष्ट तरुणाने बंदूक का उचलली, हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरी रेषा. ईशान्य नायजेरियातील मैदुगुरी शहरात मोहम्मद युसुफ याचा पंथ २००२ च्या सुमारास उभा राहिला, तेव्हा तो सरकारी शाळा आणि सरकारी नोकरी यांच्याविरुद्ध प्रवचने देणारा एक गट होता. २००९ च्या जूनमध्ये अंत्ययात्रेला निघालेल्या त्याच्या अनुयायांनी मोटारसायकलवर हेल्मेट घातले नाही, यावरून पोलिसांशी झटापट झाली आणि गोळीबार झाला. जुलैमध्ये उघड संघर्ष पेटला, शेकडो माणसे मेली, आणि जिवंत पकडलेला युसुफ पोलिसांच्या ताब्यात असताना ठार झाला. त्याच्या जागी आलेला अबुबकर शेकाऊ कितीतरी पटीने क्रूर निघाला. चिबोक येथील २७६ मुलींचे अपहरण एप्रिल २०१४ मधले आहे, आणि तेव्हा साऱ्या जगाला या पंथाचे बोको हराम हे नाव कळले. पण अभ्यासकाने पाहायचे ते २००९ च्या जून-जुलैकडे.

मालीच्या मध्यभागी दुसरी रेषा गुरांच्या वाटांची आहे. तेथे फुलानी गुराखी आणि डोगोन शेतकरी यांच्यात कुरणावरून आणि पाण्यावरून जुने तंटे आहेत. २०१२ मध्ये उत्तर माली तुआरेग बंडखोरांच्या आणि मग जिहादी गटांच्या हाती गेल्यावर राज्ययंत्रणा त्या भागातून निघून गेली, आणि फुलानी समाजातलाच प्रवचनकार अमादू कुफा याने कुरणाची फी घेणाऱ्या बड्या घराण्यांविरुद्ध बोलायला सुरुवात केली. भाषा धर्माची होती आणि दुखणे चाऱ्याचे. फिलिपाइन्समधील मिंदानाओ बेटावर हीच रेषा जमिनीची आहे: उत्तरेकडून आणून वसवलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे मोरो मुसलमान आपल्याच प्रदेशात अल्पसंख्य झाले, आणि १९६८ च्या जाबिदा प्रकरणात लष्कराकडून मोरो तरुण मारले गेल्याच्या बातमीनंतर त्या रागाला संघटना मिळाली.

दोन्ही रेषा काढून झाल्यावर त्या कोठे छेदतात ते पाहावे. तो छेदबिंदू म्हणजे बंडाचा जन्म, आणि जवळजवळ नेहमीच तेथे सरकारचे एखादे ठळक कृत्य सापडते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१७ मध्ये आफ्रिकेतील अतिरेकी संघटनांत स्वेच्छेने गेलेल्या ४९५ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ७१ टक्के जणांनी आपल्याला शेवटचा धक्का देणारी घटना म्हणून सरकारी कारवाई सांगितली, म्हणजे नातलग किंवा मित्र मारला गेला किंवा त्याला अटक झाली.

तंटा कोण सोडवतो, हा प्रश्न

या प्रश्नाची समज सातारा–सांगलीच्या वाचकाला पुस्तकाआधी घरातून आलेली असते. १९४३ ते १९४६ या काळात कुंडल आणि परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या प्रतिसरकारने जे काम केले, त्यात रेल्वे लुटणे आणि तुफान सेना उभारणे हा गाजलेला भाग. पण इंग्रजांना खरा जड गेलेला भाग म्हणजे न्यायदान मंडळे. जमिनीचे, कर्जाचे, विवाहाचे तंटे लोक मामलेदार कचेरीऐवजी या मंडळांकडे नेऊ लागले, आणि मग पाटील-तलाठ्याचा वचक गावातून आपोआप उतरला. प्रतिसरकारची ध्येये आणि आपण येथे ज्या संघटनांचा अभ्यास करतो आहोत त्यांची ध्येये यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि त्यांना एका पंक्तीत बसवणे हा अडाणीपणा ठरेल. यंत्रणा मात्र समजून घेण्यासारखी आहे: जो तंटा सोडवतो, त्याचेच राज्य.

अफगाणिस्तानात १९९४ मध्ये कंदाहारच्या परिसरात मुल्ला उमरचे टोळके, म्हणजेच तालिबान, पुढे आले ते सोव्हिएत फौजा गेल्यानंतरच्या टोळीवाल्यांच्या खंडणीला आणि अत्याचारांना लोक विटले होते म्हणून. २००१ मध्ये राजवट गेल्यानंतर तालिबानने जे पहिल्यांदा पुन्हा उभे केले, त्यात न्यायाधीश होते. निर्वासित परत आल्यावर एकाच शेतावर दोन-तीन कुटुंबांचे हक्क सांगणारे कागद निघू लागले. सरकारी न्यायालयात वर्षे आणि लाच लागत असे, तर तालिबानचा फिरता न्यायाधीश थोड्याच दिवसांत निकाल देई आणि त्याची अंमलबजावणीही होई. त्या न्यायात स्त्रीला स्थान नव्हते, शिक्षा क्रूर होत्या, अपिलाचा अर्थ नव्हता, हे सगळे खरे आहे. तरीही निकाल लागत होता. काबूलमध्ये अब्जावधी डॉलर ओतणाऱ्यांनी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाकडे फारसे पाहिले नाही, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल जवळजवळ न लढता पडले.

सोमालियाचे उदाहरण तर थेट न्यायालयांच्याच नावाने ओळखले जाते. १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळल्यानंतर मोगादिशूमध्ये टोळीनायकांनी चौकाचौकात नाके बसवले. व्यापाऱ्यांनी कंटाळून आपापल्या कुळांच्या शरियत न्यायालयांना पैसा पुरवला, त्या न्यायालयांनी एकत्र येऊन संघ केला, आणि जून २००६ मध्ये त्या संघाने शहर ताब्यात घेतले. काही महिने शहरात अशी शांतता होती की बंद पडलेले बंदर आणि विमानतळ पुन्हा सुरू झाले. डिसेंबरमध्ये इथिओपियाची फौज घुसली, संघ मोडला, आणि त्याची सर्वांत कडवी तरुण फळी, म्हणजे अल-शबाब, परकीय आक्रमणाविरुद्ध लढणारी संघटना म्हणून मोठी झाली. पुढे सरकारच्या ताब्यातील मोगादिशूत राहणारे लोकसुद्धा जमिनीच्या दाव्यासाठी अल-शबाबच्या न्यायालयात जात असल्याचे वारंवार समोर आले आहे. असा उल्लेख वाचनात आला की तेथे खूण करावी. लढाईच्या बातम्यांपेक्षा त्यातून अधिक कळते.

म्हणून कोणत्याही बंडाचा अभ्यास करताना एक साधा तक्ता करावा: जमिनीचा वाद, चोरी, घटस्फोट, पाण्याची पाळी आणि बाजारातील कर या प्रत्येकासाठी बंडाच्या आधी लोक कोणाकडे जात, आता कोणाकडे जातात, तेथे किती वेळ आणि पैसा लागतो, आणि निकाल अमलात कोण आणतो. रकाने रिकामे राहिले तरी चालेल. कोणते रकाने भरता येत नाहीत, यावरूनही पुढे काय वाचायचे ते ठरते.

सोपी उत्तरे तपासून मगच स्वीकारावीत

गरिबी हे कारण फार लवकर पुढे येते. अयमान अल-जवाहिरी शल्यविशारद होता, ओसामा बिन लादेन बांधकाम व्यवसायातील अब्जाधीश घराण्यातला, आणि जगातील बहुसंख्य गरीब मुसलमान कोणत्याही संघटनेत गेलेले नाहीत. गरिबीमुळे भरतीचा भाव कमी होतो, एवढेच फार तर म्हणता येईल. मदरशांचेही तसेच आहे: काही मदरसे भरतीची ठिकाणे झाली, विशेषतः पाकिस्तानच्या सरहद्द भागात, पण वर उल्लेखिलेल्या आफ्रिकेतील अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांनी आपल्याला धर्मग्रंथ फारसे कळत नाहीत किंवा मुळीच कळत नाहीत असे कबूल केले.

परकीय हाताचे कारण मात्र काही ठिकाणी पूर्ण खरे आहे आणि तेथे ते नाकारणे हा दुसऱ्या टोकाचा आळस होय. काश्मीर हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण. १९८७ च्या विधानसभा निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे आरोप झाले. श्रीनगरच्या अमिरा कदल मतदारसंघात मुस्लीम युनायटेड फ्रंटचा पराभूत उमेदवार मोहम्मद युसुफ शाह पुढे सलाहुद्दीन या नावाने हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. हा झाला घरचा भाग. पाकिस्तानने त्या असंतोषाला शस्त्रे दिली, प्रशिक्षण दिले, स्वतंत्र काश्मीर मागणाऱ्या गटाला बाजूला सारून पाकिस्तानवादी गटांना पुढे आणले, काश्मिरी पंडितांना १९९० मध्ये खोरे सोडावे लागले, आणि पुढे लष्कर-ए-तोयबासारख्या, खोऱ्याशी ज्यांचा रक्ताचा संबंध नाही अशा संघटना तेथे उतरवल्या. अभ्यासगटात एक जण फक्त १९८७ सांगतो आणि दुसरा फक्त पाकिस्तान सांगतो. दोघांनाही एकमेकांचा अर्धा भाग लिहून काढायला लावावा.

पैशाचा माग मात्र नेहमी काढावा आणि तो थोडक्यात निघतो. अल-शबाब नाक्यांवर पावत्या देऊन कर घेते, कोळशाची निर्यात थांबवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांना २०१२ मध्ये बंदी घालावी लागली, इराक-सीरियात इसिसने तेल विकले, चाड सरोवराच्या परिसरात मासळी आणि मिरची यांवर वसुली झाली. स्थानिक करावर जगणारी संघटना आणि बाहेरच्या रसदीवर जगणारी संघटना यांचा बंदोबस्त एकाच पद्धतीने होत नाही.

बंदोबस्ताचे धोरण कसे पारखावे

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, आणि इराकपासून सुरुवात करावी, कारण त्या एकाच देशात चूक, दुरुस्ती आणि पुन्हा तीच चूक असा पूर्ण फेरा दिसतो. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले: पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठ सदस्यांना सरकारी नोकरीतून काढले, दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे एका फटक्यात घरी बसली. अबू मुसाब अल-जरकावी याच्या संघटनेने (तिचीच पुढे इसिस झाली) शिया-सुन्नी यादवी पेटवली. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील शियांच्या पवित्र अस्करी मशिदीचा घुमट उडवल्यावर ती भडकली. मग अन्बार प्रांतातील सुन्नी टोळ्यांनीच या संघटनेच्या जुलमाला कंटाळून तिच्याविरुद्ध शस्त्र उचलले, अमेरिकेने त्यांना पगार दिला, आणि २००८ पर्यंत संघटना जवळजवळ मोडली होती. पुढे इराकी सरकारने या सुमारे लाखभर माणसांना सैन्यात आणि पोलिसांत सामावून घेण्याचे वचन पुरे पाळले नाही, सुन्नी नेत्यांवर खटले भरले, आणि एप्रिल २०१३ मध्ये हविजा येथे निदर्शकांवर गोळीबार केला. ऊस तोडला तरी जमिनीत राहिलेल्या बुडख्याला खोडव्याचे फुटवे येतात, तसे झाले: जून २०१४ मध्ये काही हजार बंदूकधाऱ्यांपुढे मोसुलमधील कितीतरी मोठी सरकारी फौज पळाली. इसिसचा शेवटचा भूभाग मार्च २०१९ मध्ये बागूज येथे गेला. त्याआधी मोसुल परत मिळवताना त्या शहराच्या जुन्या भागाचा मोठा हिस्सा मातीला मिळाला होता.

या कथेतून पारखण्याची पहिली कसोटी मिळते. लष्करी विजयानंतरच्या पाच वर्षांत त्या भागात न्यायाधीश, पोलीस आणि पगार कोणाकडून येत होते, ते पाहावे. विजयाच्या दिवसाचे वर्णन वाचून निष्कर्ष काढू नये.

लष्कराची गरजच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौजा आल्या नसत्या तर जिहादी गट मालीच्या राजधानीच्या दिशेने आणखी पुढे गेले असते. पण त्यानंतर मालीच्या सैन्याने आणि त्याच्या आशीर्वादाने वावरणाऱ्या सशस्त्र टोळ्यांनी फुलानी गावांना सरसकट शत्रू मानले. मार्च २०१९ मध्ये ओगोसागू गावात दीडशेहून अधिक फुलानी मारले गेले. मार्च २०२२ मध्ये मुरा येथे मालीचे सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे परदेशी भाडोत्री यांनी पाचशेहून अधिक माणसे मारल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत म्हटले आहे. फ्रेंच गेले, रशियन आले, आणि बंड दक्षिणेकडे सरकत राहिले. संपूर्ण समाजाला शिक्षा देणारी मोहीम ही बंडखोरांची भरतीच करते, हे मालीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

अमेरिकेतील रँड या संस्थेने १९६८ ते २००६ या काळातील ६४८ दहशतवादी गटांचा शेवट कसा झाला, हे २००८ मध्ये तपासले. ज्यांचा शेवट झाला त्यांपैकी ४३ टक्के गट राजकीय प्रक्रियेत विरघळले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता यांच्यामुळे संपले आणि केवळ ७ टक्के लष्करी बळाने संपले. हे आकडे फेकून मारण्यासाठी वापरू नयेत. त्यातच असेही नोंदवले आहे की धार्मिक गट संपायला अधिक काळ लागतो, आणि मोठी, शस्त्रसज्ज बंडखोर सेना असेल तर लष्करी बळ अधिक उपयोगी पडते.

पोलिसी मार्गाचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. १२ ऑक्टोबर २००२ रोजी बालीतील स्फोटांत २०२ माणसे मेली. सरकारने रणगाडे न काढता २००३ मध्ये पोलिसांचे एक विशेष पथक उभे केले, आरोपींवर उघड न्यायालयात खटले चालवले, आणि देशातील मुसलमान बहुसंख्येने आरोपींचे जबाब टीव्हीवर पाहिले. पकडलेल्यांपैकी नासिर अब्बाससारख्या जुन्या प्रशिक्षकाने पोलिसांना मदत केली आणि आपल्या माजी साथीदारांशी वाद घातला. हे स्फोट घडवणाऱ्या जेमा इस्लामिया या संघटनेने जून २०२४ मध्ये स्वतःच्या विसर्जनाची घोषणा केली. या पथकावर चकमकीत संशयित मारल्याचे आरोपही झाले आहेत, तेही वाचावेत. इजिप्तमध्येही १९९७ मध्ये लक्झर येथे ६२ जणांची हत्या झाल्यावर लोकमत फिरले आणि तुरुंगातील जुन्या अतिरेकी नेत्यांनी हिंसेविरुद्ध स्वतःच लेखन केले. बाहेरच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या लेखनाला वजन होते, कारण लिहिणाऱ्यांचे हात रक्ताने माखलेले होते.

वाटाघाटीचा मार्ग अल्जीरिया आणि मिंदानाओ यांची तुलना करून वाचावा. अल्जीरियात डिसेंबर १९९१ मध्ये इस्लामवादी पक्ष पहिल्या फेरीत जिंकत असताना लष्कराने जानेवारी १९९२ मध्ये निवडणूकच रद्द केली, आणि पुढच्या दशकात लाखाहून अधिक माणसे मेली. १९९९ च्या माफी कायद्याने हजारोंनी शस्त्रे ठेवली. परंतु सरकारी यंत्रणेने बेपत्ता केलेल्या माणसांचा हिशेब कधी झाला नाही, आणि न आलेल्यांतून अल-कायदाची माघरेबी शाखा उभी राहिली. मिंदानाओत २०१४ मध्ये मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटशी करार झाला. २०१७ मध्ये इसिसशी निष्ठा सांगणाऱ्या टोळीने मारावी शहर पाच महिने धरून ठेवले, तेव्हा हा जुना बंडखोर गट तिच्यात सामील झाला नाही, उलट अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढण्यास त्याने मदत केली. २०१९ च्या मतदानानंतर बांगसामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला आणि सुमारे २६ हजार लढवय्यांची नोंदणी करून त्यांना शस्त्रांतून मोकळे केले गेले. त्या देशात मुसलमानांच्या कौटुंबिक वादांसाठी शरियत न्यायालयांची तरतूद १९७७ पासूनच कायद्यात आहे, म्हणजे बंडखोरांकडे न्यायाचा एक विषय कमी उरला. माझ्या मते मिंदानाओ हे सर्वांत कमी वाचले गेलेले आणि सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे.

आपल्या जिल्ह्यात या अभ्यासाचा वापर

सातारा किंवा सांगलीत इस्लामवादी बंड नाही. तसे सुचवणे हाही अपप्रचार ठरेल. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या समाधीजवळ संगीतसभा होते, आणि वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत मशिदीत गणपती बसवण्याची प्रथा १९८० पासून चालू आहे. पण २००९ मध्ये मिरजेत एका कमानीवरील चित्रावरून दंगल झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला व एका तरुणाचा जीव गेला. वर केलेला तक्ता येथेही लावता येतो: त्या रात्री तंटा कोणाकडे गेला, पोलीस ठाण्याकडे की जमावाकडे?

भिवंडीचा अनुभव यासाठी वाचावा. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, ज्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे आणि बीटचा हवालदार नियमित बसत. मुंबई १९९२–९३ मध्ये पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता समितीची बैठक बहुधा गणेशोत्सव आणि ईदच्या आधी होते, तेच ते मान्यवर येतात, चहा होतो आणि बैठक संपते. अभ्यासगटाने आपल्या ठाण्याच्या समितीत कोण आहे, ती सणाव्यतिरिक्त कधी बसते आणि तिच्यात तरुण किती आहेत, हे विचारून घ्यावे.

खटल्यांचेही तसेच. कसाब जिवंत सापडला, त्याच्यावर उघड न्यायालयात खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यामुळे कटाचा पाकिस्तानातील धागा पुराव्यानिशी जगापुढे आला, आणि हे ओंबळे यांच्या बलिदानाने शक्य झाले. त्याच राज्यात २००६ च्या मालेगाव स्फोटांत अटक झालेल्या मुस्लीम तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. दोन्ही प्रकरणे एकाच बैठकीत शेजारी ठेवून वाचावीत.

एखाद्या घरातील मुलगा अचानक जुने मित्र तोडून, परदेशी लढाईच्या चित्रफिती पाहत आणि घरच्यांना काफिर ठरवत असेल, तर घरच्यांनी त्याचा फोन फोडून किंवा त्याला कोंडून काही साधत नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेल्यानंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अशा मुलांना घरच्यांना बरोबर घेऊन, समुपदेशन करून मागे आणण्याचा मार्गही वापरला आहे. घरच्यांनी आधी त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे असा मामा, शिक्षक किंवा मौलवी गाठावा, त्याच्याबरोबर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात जावे, गुन्हा घडण्याआधी आलो आहोत हे लेखी द्यावे, आणि त्या अर्जाची पोच घेऊन जपून ठेवावी.